औंढ्याला एसटीने जावे

साडूच्या गाडीतून देवदर्शनाला जाऊ नये. हे वाक्य मी पूर्ण विचारांती लिहीत आहे आणि ते छापून आल्यावर आमच्या घरात काय होईल याचीही मला कल्पना आहे. साडू हा नात्याने आपला कोणीच नसतो. पण त्याची बायको आपल्या बायकोची बहीण असते, त्यामुळे त्याच्या गाडीवरची टीका ही शेवटी माहेरावरची टीका ठरते. तरीही सांगतोच.

आमचे साडू निवृत्त झाले आणि त्यांनी मोठी मोटार घेतली. नोकरीत असताना ऑफिस घरापासून चौदा किलोमीटरवर होते तेव्हा लोकलने गेले, आणि कुठेच जायचे उरले नाही तेव्हा गाडी घेतली. मग ती चालवायला कारण हवे म्हणून त्यांना भक्ती सुचली. एके दिवशी फोन आला. "महाराष्ट्रातली पाचही ज्योतिर्लिंगे. तीन दिवस, दोन रात्री. चौघं जाऊ. तुम्ही फक्त बसायचं." त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि येताना भीमाशंकर असा बेत होता. वहीत वेळा मांडल्या होत्या. घृष्णेश्वरासमोर ४० मिनिटे आणि औंढा नागनाथासमोर ४५ मिनिटे. परळीच्या वैजनाथाला, जेवणाची वेळ येत असल्यामुळे, एक तास.

औंढ्याला आम्ही त्या ४५ मिनिटांतली २५ गाडी लावण्यात घालवली. तीर्थक्षेत्री रस्ते जुने असतात. ते बैल वळेल एवढ्या बेताने केलेले असतात, आणि साडूंची गाडी बैलापेक्षा पुष्कळच रुंद. पुढून जीप, मागून टेम्पो ट्रॅव्हलर, मधे आम्ही. एक नारळवाला "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता, दुसरा त्याच वेळी "बस, बस, बस" म्हणत होता, आणि साडू हॉर्न वाजवत होते. शेवटी जागा मिळाली ती देवळापासून इतकी लांब की तिथवर चालत जाताना मला आपण पायी यात्रेला आल्यासारखे वाटू लागले.

इथला गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने, वाकून, पायऱ्या उतरून खाली जावे लागते. गाडी इथवर आणता येत नाही याचे दुःख साडूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. आम्ही कसेबसे पोचलो. शांत, दमट काळोख, समोर पिंड. मी डोळे मिटले. तेवढ्यात कानाशी कुजबूज आली, "लॉक केली ना हो मी?" मी देवाला काय मागणार होतो ते आजतागायत आठवलेले नाही.

मुळात औंढ्याला जाऊन जे पाहायचे ते आम्ही पाहिलेच नाही. इथे नंदी देवाच्या समोर नसून देवळाच्या मागे आहे. त्याची कथा अशी सांगतात, की नामदेवांचे कीर्तन चालू असताना त्यांना देवळामागे जायला भाग पाडले. ते मुकाट्याने मागे जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा नागनाथाने देऊळच फिरवून त्यांच्याकडे तोंड केले. नंदी राहिला तिथेच. ही कथा मला घरी आल्यावर एका पुस्तकात मिळाली, आणि नंदी उलट्या बाजूला आहे हे आमच्या चौघांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. मी साडूंना फोन करून सांगितले. ते म्हणाले, "देऊळ फिरलं, मग गाडी वळायला तेवढी जागा करायला काय हरकत होती?"

आता मुद्द्याचे. त्या तीन दिवसांत आमची गाडी सुमारे १४०० किलोमीटर धावली आणि तिने ढोबळमानाने १०० लिटर पेट्रोल प्यायले. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. साडूंना हे पटेना. लिटरभर पेट्रोलचे वजनच मुळी पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो निघेल कसे? वरवर पाहता बिनतोड प्रश्न. पण कार्बन हा जेवायला एकट्याला बोलावले तर दोघांना घेऊन येणारा पाहुणा आहे. तो हवेतले दोन ऑक्सिजन बरोबर घेतो, आणि ते दोघेही एकेकटे त्याच्यापेक्षा वजनदार असतात. म्हणजे १०० लिटरचे झाले २३० किलो. आम्हां चौघांचे वजन मिळून २६० भरते (वाटणी विचारू नये, हा मजकूर घरात वाचला जातो). आम्ही चौघे घरी परत आलो, पण जवळजवळ आमच्याच वजनाचे एक अदृश्य कुटुंब वर आकाशात कायमचे मुक्कामाला ठेवून आलो.

आणि आम्ही चौघे तरी होतो. औंढ्याच्या त्या गर्दीत मी मुद्दाम पाहिले, कितीतरी गाड्यांतून दोन माणसे उतरत होती आणि मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या प्रवास करीत होत्या. एसटी एका लिटर डिझेलला साधारण चार-पाच किलोमीटर जाते. ऐकायला हे फार थोडे वाटते. पण आत चाळीस-पंचेचाळीस माणसे असतात. हिशेब केला तर भरलेल्या एसटीतल्या माणसाच्या वाट्याला आमच्या गाडीतल्या माणसाच्या एक तृतीयांश धूर येतो, आणि दोघांच्याच गाडीशी तुलना केली तर एक षष्ठांश. शिवाय ती एसटी आणि ती आगगाडी आपण नसलो तरी जाणारच असते. आपण बसल्याने तिच्या धुरात पडणारी भर एका उपवासाच्या चिवड्याच्या पुड्याइतकीही नसेल.

साडूंकडे या सगळ्यावर उत्तरे आहेत. पहिले उत्तर वेळ. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पुरा खुला झाला, ७०१ किलोमीटर, ताशी १२०ने जा. जा ना! वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पेट्रोलही त्याच उत्साहाने जळते. आणि एवढे करून वाचवलेला वेळ माणूस कुठे घालवतो? तो ढाब्यावर पनीरची वाट पाहण्यात आणि देवळाबाहेर गाडीला जागा शोधण्यात. महामार्गावर वाचलेला एकही तास आजवर नागनाथाच्या वाट्याला गेल्याचे मी पाहिलेले नाही.

दुसरे उत्तर, "पुढची गाडी विजेची घेईन." घ्यावी, पेट्रोलपेक्षा बरीच. पण ती चार्ज होणार त्या विजेचा मोठा भाग अजून कोळशातून येतो. साडूंच्याच यादीतले चौथे तीर्थक्षेत्र परळी. तिथे वैजनाथही आहे आणि औष्णिक वीज केंद्रही. हे केंद्र २०१३ साली बंद ठेवावे लागले होते. कोळसा नव्हता म्हणून नव्हे, पाणी नव्हते म्हणून. कोळसा जाळून हवा तापवायची आणि मग दुष्काळात तोच कोळसा जाळायला पाणी मिळत नाही म्हणून हात जोडून बसायचे, याला दैवी न्याय म्हणावे की मानवी नियोजन, हे मला ठरवता आलेले नाही.

तिसरे उत्तर मात्र साडूंच्या भक्तीचा कळस आहे. नागेश ज्योतिर्लिंग नेमके कोणते यावर वाद आहे. द्वारकेजवळचे नागेश्वर म्हणते मी, उत्तराखंडातले जागेश्वर म्हणते मी, आणि औंढा तर म्हणतोच. साडू म्हणाले, "रिस्क नको. पुढच्या वर्षी दोन्हीकडे गाडीनं जाऊन येऊ."

त्या रात्री मी आमच्या हिला म्हटले, "आपण पुन्हा औंढ्याला जाऊ. दोघंच. एसटीनं." ही म्हणाली, "भावोजींना वाईट वाटेल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण मला तो नंदी बघायचाय."

गेलो. रात्री कल्याणला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलो आणि सकाळी परभणीला उतरलो. मधल्या पाचशे किलोमीटरांत मी घोरत होतो. साडूंना गाडी चालवताना ही सोय नाही. परभणीच्या स्टँडवर औंढ्याची एसटी लागली तेव्हा मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. या कलेचा पन्नास वर्षांचा रियाझ आहे, तो वाया गेला नाही. कंडक्टरने वय विचारले. पासष्टीपुढच्यांना अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३पासून बायकांनाही अर्धेच. म्हणजे आम्हां दोघांचे मिळून एक तिकीट झाले. लग्नाला चाळीस वर्षे झाल्यावर आम्हांला एक मानणारी ही पहिलीच संस्था.

एसटी म्हटले की १ जून १९४८, पुणे-अहमदनगर, एवढे प्रत्येकाला पाठ असते. पण मराठवाडा ज्या राज्यात होता त्या निजामाच्या सरकारने १९३२ सालीच आपल्या रेल्वेच्या खात्यातून सरकारी मोटारबस सुरू केली होती, २७ गाड्यांनिशी. पुण्याच्या वाचकांनी हे वाक्य सवडीने पुन्हा वाचावे. महत्त्वाचे आहे ते असे, की त्या सरकारने आगगाडी आणि बस एकाच खात्याच्या हाताखाली ठेवली होती. गाडीतून उतरलेला माणूस पुढे कसा जाणार हा विचार संस्थानी कारभाराला सुचला होता. आज रेल्वेचे वेळापत्रक करणारा साहेब आणि एसटीचे करणारा साहेब यांची एकदा एखाद्या लग्नात गाठ घालून दिली, तर निम्म्या यात्रेकरूंच्या मोटारी दारातच उभ्या राहतील.

शेजारच्या सीटवर वसमतकडचे एक हळदवाले शेतकरी होते. "कुठलं गाव म्हणायचं तुमचं?" इथून सुरुवात होऊन पाच मिनिटांत त्यांनी माझ्या मुलाचा पगार काढून घेतला. मग त्यांच्या हळदीकडे वळलो. ते म्हणाले, "पाऊस आता पहिल्यासारखा ऱ्हायला नाही बगा. यायचा तवा येत नाही आन् आला की वावर धुऊन नेतो." मी वर्तमानपत्रात वाचलेले त्यांना सांगू लागलो, की हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के वाफ जास्त मावते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग हवा तापवतंय कोन?" माझ्या डोळ्यांपुढे साडू आले. आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर, सीटबेल्ट लावून, मी.

एकट्या साडूंच्या गाडीने मराठवाड्याचा पाऊस बिघडवला असे मी म्हणत नाही. त्यांचा स्वभाव तसा नाही. पण एप्रिल २०१६मध्ये याच मराठवाड्यात, लातूरला, मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले होते हे मी विसरू शकत नाही. ज्या मुलखात पाण्याला रेल्वेने प्रवास करावा लागला, तिथे देव बघायला जाताना आपल्याला रेल्वेत बसायला कमीपणा वाटतो. बसमधल्या त्या गृहस्थांकडे मोटार नव्हती. वावर मात्र त्यांचे वाहून जाते.

पुढच्या सीटवर हिंगोलीच्या बाजूचा एक कॉलेजचा मुलगा होता. तो मागे वळून म्हणाला, "काका, आमच्याकडं लायगो होतंय, माहितेय का?" मला आधी ती हॉटेलची साखळी वाटली. मग त्याने जे सांगितले ते ऐकून मी खिडकीतले वारे विसरलो. औंढ्याजवळ गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येक चार किलोमीटर लांब, आत निर्वात पोकळी आणि त्यातून लेझरचा किरण. अमेरिकेतल्या अशाच जोडीने १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली, जी १३० कोटी प्रकाशवर्षे लांब झाली होती. त्या टकरीने चार किलोमीटरच्या नळीच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनपेक्षाही कितीतरी बारीक.

"आन् त्यासाठी जमीन गप पाहिजे, काका. थरथर चालत नाही," मुलगा म्हणाला. अमेरिकेत लुझियानातल्या वेधशाळेला आसपासची लाकूडतोड आणि जाणाऱ्या आगगाड्या यांचाही उपद्रव होई. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी देशभर जागा धुंडाळल्या आणि त्यांना पसंत पडला तो औंढ्याचा परिसर. म्हणजे पहा, विश्वाच्या दुसऱ्या टोकाचा हुंकार ऐकू यावा इतकी ज्या गावाची जमीन शांत, त्या गावात जाऊन आमच्या साडूंनी नारळवाल्याला बाजूला करण्यासाठी सलग दीड मिनिट हॉर्न वाजवला होता!

यावर कोणी म्हणेल, आणि एसटी काय हवेतून जाते? कबूल. एसटी खड्ड्यातून गेली की जमीनच काय, आतल्या माणसाची कवळीही हलते. पण चाळीस माणसांसाठी ती एकदाच हलते. तीच माणसे मोटारींतून आली तर वीस वेळा.

औंढ्याला उतरलो. गाडी लावायची नव्हती. हे वाक्य मी पुन्हा एकदा लिहिणार होतो, पण संपादक कागदाची काळजी करतात. स्टँडजवळ चहा घेतला, तिथल्याच माणसाकडून भजी घेतली. (साडूंच्या गाडीत डिकीत फरसाण, ठेपले, थर्मास आणि चटई असते, आमच्या त्या दौऱ्यात औंढ्याच्या व्यापाऱ्याला आमच्याकडून फक्त पार्किंगचे पैसे मिळाले.) परतीची एसटी दोन तासांनी होती, म्हणून दोन तास देवळात काढले. मनात असो वा नसो, वेळापत्रक तुम्हांला देवाजवळ बसवते. साडूंच्या वहीत ही सोय नव्हती.

देवळाचा खालचा भाग दगडी, कोरीव; हत्ती, देव, देवता, नर्तकी अशा मूर्तींनी भरलेला. वरचा भाग मात्र नंतरचा, चुन्याचा. जोड उघड दिसतो. त्या एका जोडात मोडतोड आणि पुनर्बांधणी असा दोन्हींचा इतिहास उभा आहे, आणि तो मागच्या खेपेला आम्ही वळसा घालायलाही वेळ नसल्यामुळे पाहिला नव्हता. नंदी सापडला. ही त्याच्याजवळ बराच वेळ बसून राहिली. आणि प्रदक्षिणा घालताना तिच्याच लक्षात आले, की देवळाभोवती बारा ज्योतिर्लिंगांची लहान लहान देवळे आहेत. सोमनाथापासून रामेश्वरापर्यंत सगळी! आम्ही बाराही ज्योतिर्लिंगे पायी केली. पंधरा मिनिटे लागली, पेट्रोल शून्य.

याच देवळात नामदेवांना विसोबा खेचर भेटले, पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय उचलून जिथे देव नाही तिथे ठेव, म्हणाले. आणि जिथे ठेवावे तिथे पिंड. नामदेव पंढरपुराहून आले होते, तीनशे किलोमीटर तरी असेल, पायी. पुढे ते पंजाबपर्यंत गेले. मूळ गाव म्हणून सांगतात ते नरसी याच जिल्ह्यात. आजही शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपुराकडे निघते ती नरसी आणि औंढ्यावरूनच, शेकडो वारकऱ्यांसह, चालत. स्वीडनमध्ये काही वर्षांपूर्वी विमानलाज नावाची गोष्ट निघाली. विमानाने फिरायला गेल्याची लाज वाटून लोक आगगाडीने जाऊ लागले. २०१९ साली ग्रेटा थुनबर्ग शिडाच्या बोटीने अटलांटिक ओलांडून गेली तर जगभर फोटो छापून आले. छापावेतच. पण आमच्या गावातली म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन दरवर्षी पंढरपुराला जाई, तिला आपण कार्बन वाचवतो आहोत असे कोणी सांगितले असते तर तिने त्याला आधी गूळपाणी दिले असते.

मी कोणाला औंढ्याला चालत जा म्हणत नाही. माझे स्वतःचे गुडघे या लेखाच्या विरोधात आहेत. ज्याला खरोखर चालवत नाही, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याने खुशाल मोटारीने जावे आणि त्याच्यासाठी देवळाशेजारी जागा मोकळी असावी. ती मोकळी नसते, कारण तिथे धडधाकट माणसांच्या गाड्या उभ्या असतात. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर अडवतात. पुढे पाय, घोडा, नाहीतर १९०७ सालापासूनची ती छोटी आगगाडी. त्यामुळे माथेरान ओस पडल्याचे ऐकले नाही. उलट तिथे मोटारी नाहीत हेच लोक तोंड भरून सांगतात, आणि सांगतात मोटारीत बसून. जे माथेरानच्या माकडांना मिळते ते औंढ्याच्या नागनाथाला का मिळू नये? गावाबाहेर मोटारी थांबवा, स्टँडपासून देवळापर्यंत सावलीचा रस्ता करा, परभणीच्या गाड्यांना धरून एसटी सोडा आणि स्टँडवर बायकांसाठी स्वच्छतागृह ठेवा. या शेवटच्या गोष्टीवाचून बाकी सगळे भाषण फुकट आहे असे आमची ही म्हणते, आणि तिचे बरोबर आहे.

परत आल्यावर हिने ताईला फोन केला आणि नंदीचे, बारा देवळांचे आणि अर्ध्या तिकिटाचे सगळे वर्णन केले. बहुधा अर्ध्या तिकिटाने काम केले असावे. परवा साडूंचा फोन आला. आवाज पडलेला होता. "श्रावणानंतर आम्हीपण येतो म्हणतोय. तुमच्याबरोबर. देवगिरीनं. लोअर बर्थ मिळेल ना?"

मी म्हटले, "मिळेल की!"

"छान. मग मी काय करतो, तुम्हांला दोघांना घरून गाडीत घेतो, कल्याण स्टेशनला गाडी लावतो, आणि मग तिथून आपण रेल्वेनं." क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "कल्याणला तीन दिवस गाडी लावायला जागा कुठं मिळेल हो?"